चित्राखालची अक्षरे

फोनवर आपण हलती चित्रे पाहतो. त्यांना चित्रफीत म्हणतात. पुष्कळ चित्रफितींत खाली अक्षरे येतात. माणूस जे बोलतो, ते खाली लिहिलेले दिसते. बोलणे दुसऱ्या भाषेत असले, तर त्याचा अर्थ आपल्या भाषेत दिसतो. या अक्षरांना उपशीर्षके म्हणतात. कोणी सबटायटल असेही म्हणतात.

ही अक्षरे कोणाच्या उपयोगाची? ज्याला ऐकू येत नाही, त्याच्या. ज्याला ती भाषा कळत नाही, त्याच्या. आणि नव्याने वाचायला शिकलेल्या माणसाच्याही. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९६ साली एक विचार मांडला. टीव्हीवर गाणे लागले, की त्याचे शब्द त्याच भाषेत खाली दाखवावेत. कान शब्द ऐकतो, डोळा तोच शब्द पाहतो. गाणे ऐकता ऐकता वाचनाचा सराव होतो. १९९९ साली अहमदाबाद दूरदर्शनवर गुजराती गाण्यांखाली अशी अक्षरे दिसू लागली.

पण अक्षरेच चुकली तर?

एका गावात आशाताई बायकांना चित्रफीत दाखवीत होत्या. मुलाला जुलाब झाले आणि घरात क्षारांची पुडी नसली, तर साखर-मिठाचे पाणी कसे करावे, हे तीत सांगितले होते. बोलणे हिंदीत होते, खाली अक्षरे मराठी होती. साक्षरता वर्गाला जाणाऱ्या काकू एकदम म्हणाल्या,

“ताई, थांबवा बघू! हे उलटं लिहिलंय.”

“काय उलटं, काकू?”

“ती बाई म्हणते, साखर सहा चमचे. खाली लिहिलंय, मीठ सहा चमचे!”

ताईंनी चित्रफीत मागे नेऊन पुन्हा पाहिली. “खरंच की हो! एवढं मीठ पोटात गेलं, तर लेकराच्या जिवावर बेतेल.”

“आणि आपल्या शेजारच्या वहिनींना ऐकू येत नाही. त्या तर खालचं वाचूनच पाणी करतील.”

“मग हे आधी दुरुस्त करू,” ताई म्हणाल्या.

खरे प्रमाण असे आहे : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ.

आता दुरुस्ती कशी करायची, ते पाहू. उपशीर्षके दोन तऱ्हेची असतात. काही कपाळावरच्या टिकलीसारखी असतात. एक काढून दुसरी लावता येते. काही गोंदणासारखी असतात. ती चित्रातच उमटलेली असतात.

टिकलीसारखी अक्षरे बहुधा वेगळ्या फाइलीत असतात. तिला एसआरटी फाइल म्हणतात. ती संगणकावर नोटपॅडमध्ये उघडते. तीत प्रत्येक वाक्यासाठी आधी अनुक्रमांक असतो. त्याखाली वेळ असते : अक्षरे केव्हा यावीत आणि केव्हा जावीत. त्याखाली वाक्य असते. मग एक ओळ कोरी असते. चुकलेले वाक्य तेवढे बदलावे. वेळेच्या आकड्यांना हात लावू नये. फाइल जतन करताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडावा. नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतील. चित्रफीत आणि ही फाइल एकाच जागी, एकाच नावाने ठेवावी. व्हीएलसीसारख्या साधनात चित्रफीत लावली, की नवी अक्षरे दिसतात.

गोंदणासारखी अक्षरे पुसता येत नाहीत. त्यांच्यावर काळी पट्टी घालून, पट्टीवर बरोबर वाक्य लिहावे लागते. चित्रफिती जोडण्याच्या साधनांत ही सोय असते. त्याहून बरे म्हणजे, बिनअक्षरांची मूळ प्रत मिळाली तर ती मागवावी.

ताईंच्या चित्रफितीत अक्षरे चित्रातच उमटलेली होती. त्यांनी पट्टी घालून नवे वाक्य लिहिले. मग काकूंना शेजारी बसवून सगळी चित्रफीत पुन्हा पाहिली. ज्यांना जुनी प्रत पाठवली होती, त्यांना निरोप दिला, “ती पुसून टाका. ही नवी घ्या.”

छापलेले किंवा पडद्यावर दिसलेले सगळेच बरोबर असते, असे नाही. वाचता येणाऱ्याने वाचावे, ताडून पाहावे आणि चूक दिसली तर बोलावे.

प्रश्न
१. काकूंना कोणती चूक दिसली?
२. ती चूक तशीच राहिली असती, तर काय झाले असते?
३. टिकलीसारखी अक्षरे आणि गोंदणासारखी अक्षरे यांत फरक काय?
४. साखर-मिठाच्या पाण्याचे बरोबर प्रमाण वहीत लिहा आणि घरी वाचून दाखवा.