मद्यार्काची गाडी आणि इंजेक्टरचे माप

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

उसापासून साखर होते आणि मळीपासून मद्यार्क होतो, हे आपल्या भागातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तोच मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, मोटारीच्या टाकीत जातो ही गोष्टही आता नवलाची राहिलेली नाही. २००१ साली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे पहिले प्रायोगिक प्रकल्प देशात सुरू झाले, त्यांपैकी दोन आपल्याच राज्यात, मिरज व मनमाड येथे होते. २०२२ साली हे प्रमाण १० टक्क्यांवर आणि २०२५ साली २० टक्क्यांवर पोचले. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतील १८३ पंपांवर ‘इथेनॉल १००’ हे इंधनही विक्रीस आले.

तेव्हा एक प्रश्न सहज पुढे येतो. पेट्रोलसाठी बनलेली जुनी गाडी जास्त इथेनॉलवर चालवायची तर तिच्यात काय बदलावे लागते? आणि खिसा लहान असलेल्या माणसाला ते परवडते काय? कला शाखेच्या विद्यार्थिनीने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे.

इतर देशांचा अनुभव

ब्राझीलने १९७५ साली उसाच्या मद्यार्काचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. १९७९ साली तेथे फियाट १४७ ही निव्वळ मद्यार्कावर चालणारी गाडी बाजारात आली. पुढे २००३ पासून पेट्रोल व मद्यार्क कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या गाड्या निघाल्या. तेथे हा बदल कारखान्यानेच करून दिला.

अमेरिकेत मात्र वेगळी गोष्ट घडली. तेथे इथेनॉल मक्यापासून होते आणि ‘ई-८५’ या नावाने पंपावर मिळते. हे इंधन गाडीची ताकद वाढविण्यास उपयोगी पडते, असे तेथील हौशी मोटारवाल्यांच्या ध्यानात आले. मद्यार्काचा ऑक्टेन अंक १०८ च्या आसपास असतो, तो सहजी ठोका देत नाही. शिवाय वाफ होताना तो पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतो, त्यामुळे आत जाणारी हवा थंड राहते. म्हणून ही मंडळी आपल्या जुन्या गाड्यांना घरच्या गॅरेजात, शक्य तितक्या स्वस्तात, मोठे इंजेक्टर बसवू लागली. त्यांच्या या खटाटोपातून आपल्यालाही पुष्कळ शिकता येते.

इंजेक्टर म्हणजे काय?

पूर्वीच्या गाडीत कार्बोरेटर असे. त्यातील जेटचे भोक मोठे केले की इंधन जास्त जाई. १९६७ साली फोक्सवॅगन १६०० या गाडीत बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धती आली आणि हळूहळू कार्बोरेटर मागे पडला. आपल्याकडे २०२० च्या बीएस-६ नियमांनंतर मोटारसायकलींनाही इंजेक्टर आले.

इंजेक्टर ही विजेवर उघडझाप करणारी एक बारीक तोटी होय. आत तारेचे वेटोळे, एक सुई आणि एक स्प्रिंग असते. वीज आली की सुई उचलली जाते आणि दाबाखालचे इंधन फवाऱ्यासारखे सुटते. वीज गेली की स्प्रिंग तोटी बंद करते. ती किती वेळ उघडी ठेवायची हे गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवितो. दुधवाला मापाने दूध घालतो, त्याप्रमाणे इंजेक्टर वेळेच्या मापाने इंधन घालतो. तो मुळात एक माप आहे, हे एकदा ध्यानात धरले की पुढचे सर्व सोपे जाते.

मद्यार्काला जास्त माप का लागते?

पेट्रोलचा एक भाग पुरा जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. मद्यार्काच्या रेणूत स्वतःचाच प्राणवायू असल्याने त्याला सुमारे ९ भाग हवा पुरते, आणि ई-८५ ला ९.८ च्या आसपास. इंजिन हवा तेवढीच ओढते. म्हणून त्याच हवेत ई-८५ वजनाने दीडपट घालावे लागते. ते पेट्रोलपेक्षा किंचित जड असल्याने लिटरच्या हिशेबात हे प्रमाण १.४ पट होते.

दुसऱ्या वाटेनेही हाच आकडा येतो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, मद्यार्कात सुमारे २१. म्हणजे ई-८५ च्या एका लिटरात साधारण २२.६ मेगाज्यूल झाले. ३२ ला २२.६ ने भागल्यास पुन्हा १.४ च मिळतात.

आता वेळेचा हिशेब पाहू. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० फेरे झाले. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा इंधन घालायचे, म्हणजे एका खेपेस २० मिलिसेकंद मिळतात. त्यांपैकी पेट्रोलसाठी इंजेक्टर १४ मिलिसेकंद उघडा राहत असेल, तर ई-८५ साठी १९.६ मिलिसेकंद लागतील. म्हणजे तोटी बंद व्हायला वेळच उरला नाही! जाणकार मंडळी शेकडा ८० ते ८५ च्या पुढे जाऊ देत नाहीत. म्हणून मोठा इंजेक्टर हवा. मिनिटाला २४० घनसेंटिमीटरचा असेल तर सुमारे ३४० चा.

त्याहून फार मोठा मात्र घेऊ नये. सुई उचलली जाण्यासच सुमारे एक मिलिसेकंद जातो. इंजेक्टर अवाच्या सवा मोठा असला तर गाडी नुसती उभी राहून चालताना त्याला इतका थोडा वेळ उघडावे लागते की त्या वेळेचा बराच भाग सुई हलण्यातच जातो. मग माप बिघडते आणि इंजिन हिसके देते. इंधन १.४ पट आणि इंजेक्टरही १.४ पट असला, म्हणजे उघडण्याचा वेळ जवळजवळ पूर्वीइतकाच राहतो.

थोडक्या पैशातले मार्ग

(१) दाब वाढविणे. नवा इंजेक्टर न घेता रेग्युलेटर बदलून इंधनाचा दाब वाढवावा, हा सर्वांत स्वस्त उपाय. पण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दाब ३ बारवरून ४ बारवर नेला तर प्रवाह फक्त १५ टक्के वाढेल. ४० टक्के वाढीसाठी दाब जवळजवळ दुप्पट, म्हणजे ६ बार लागेल; आणि दाब वाढला की साध्या पंपाची इंधन देण्याची शक्ती उलट घटते. हा उपाय अपुरा आहे.

(२) भंगारातील इंजेक्टर. एकाच कंपनीच्या टर्बो किंवा मोठ्या इंजिनाच्या गाडीचे इंजेक्टर पुष्कळदा लहान गाडीत बसतात. अमेरिकेतील हौशी लोक भंगार बाजारातून ते आणतात. घेताना लांबी, ओ-रिंगची जाडी आणि विजेचा जोड जुळतो का ते पाहावे. त्यानंतर मल्टिमीटरने रोध मोजावा. बहुतेक गाड्यांत १२ ते १६ ओहमचे इंजेक्टर असतात. २ ते ४ ओहमचे जुने इंजेक्टर तसेच जोडले तर जास्त वीज ओढून ते ईसीयू जाळू शकतात.

(३) साफसफाई आणि तपासणी. जुने इंजेक्टर ध्वनिलहरींच्या यंत्रात साफ करून, नवे फिल्टर व ओ-रिंग घालून, मोजनळ्यांवर तपासावेत. हे काम पेट्रोलवर करू नये, तपासणीचे खास द्रव मिळते ते वापरावे.

सरासरीचा धोका

या तपासणीवरच पैसे वाचविण्याचा मोह सर्वांना होतो, म्हणून येथे थोडे थांबू.

समजा, चार इंजेक्टर अर्धा मिनिट चालविले आणि नळ्यांत १६८, १७०, १६७ आणि १५१ घनसेंटिमीटर द्रव जमले. सरासरी १६४ येते. सायलेन्सरच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सरला चारही सिलिंडरांचा धूर एकत्र मिळतो. तो एकूण प्रमाण बरोबर असल्याचे कळवितो आणि ईसीयू समाधान पावतो. परंतु चौथ्या सिलिंडरला मात्र ८ टक्के इंधन कमी पडत असते. जोर लावताना तेथे ठोका बसतो, उष्णता वाढते आणि अखेर पिस्टन जातो. म्हणून चारही माप दोन-तीन टक्क्यांच्या आत जुळलेले असावेत.

सरासरी बरी दिसते म्हणून प्रत्येकाचे बरे चालले आहे असे नसते, हे आम्ही दरडोई उत्पन्नाच्या धड्यात शिकलो होतो. माझे वडील मोटारसायकली दुरुस्त करतात. ते सातवीपर्यंत शिकले आणि आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. सरासरीचा हा धडा मी त्यांना वाचून दाखविला तेव्हा ते म्हणाले, “ह्यात नवीन ते काय? प्लग काढून एकेक बघावा लागतो, चारी मिळून बघून भागत नाही.” पुस्तकातला नियम आणि मिस्त्रीचा हात एकाच ठिकाणी पोचतात ते असे.

बाकीची सावधगिरी

मोठे इंजेक्टर बसविले की ईसीयूला त्यांचे माप सांगावेच लागते. नाहीतर तो जुन्या मापानेच हिशेब करीत राहील. संगणक स्वतःहून साधारण २५ टक्क्यांपर्यंत सावरू शकतो, ४० टक्के नव्हे. या कामासाठी रुंद पल्ल्याचा ऑक्सिजन सेन्सर लागतो. दुसरे म्हणजे, अमेरिकेत ई-८५ मध्ये मद्यार्क ऋतूप्रमाणे ५१ ते ८३ टक्के असतो. मोजनळीत इंधन घेऊन थोडे पाणी घालून हलविले की मद्यार्क पाण्यात उतरतो व पेट्रोल वर तरंगते. पाण्याचा थर किती वाढला यावरून प्रमाण कळते. हा उपाय जवळजवळ फुकट आहे.

जुने रबर मद्यार्कात फुगते किंवा तडकते. तेथे व्हायटॉनसारखे रबर लागते. टाकीतील जुना गाळ सुटून फिल्टर तुंबतो, म्हणून पहिल्या काही टाक्यांनंतर तो बदलावा. मद्यार्काची ज्योत उन्हात नीट दिसत नाही, तेव्हा आगीपासून विशेष जपावे. ब्राझीलच्या पहिल्या गाड्यांत थंडीत सुरू होण्यासाठी पेट्रोलची लहान टाकी वेगळी असे, तेही विसरू नये. आणि आपल्या देशात नोंदणीपुस्तकात लिहिलेले इंधन परिवहन कार्यालयाच्या मंजुरीवाचून बदलता येत नाही.

आपल्यापुरता निष्कर्ष

आपल्या पंपावरील २० टक्के मिश्रणासाठी इंजेक्टर बदलण्याची गरज आहे काय? वरचाच हिशेब लावू. अशा लिटरात सुमारे २९.८ मेगाज्यूल ऊर्जा, म्हणजे ७ टक्के घट. एवढी वाढ सेन्सर असलेली इंजेक्टरची गाडी तोटी थोडी जास्त वेळ उघडून भागवू शकते. म्हणून ‘इथेनॉलसाठी इंजेक्टर बदला’ असे कोणी सांगू लागल्यास गरिबाने आधी हा हिशेब मांडावा. जुन्या गाडीत त्याचे पैसे रबरी नळ्या, ओ-रिंग आणि फिल्टर यांवर खर्च झाले तर ते सार्थकी लागतील. सेन्सर नसलेल्या जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला मात्र जेटचे माप तपासून घ्यावे.

आणि ज्यांना खरोखरच ई-८५ सारख्या इंधनाकडे जायचे आहे, त्यांनी इंजेक्टर खुशाल जुने घ्यावेत. काटकसर सुट्या भागांवर करता येते. मोजमापावर केलेली काटकसर अखेर इंजिनाच्या किमतीला पडते. ऊस पिकविणाऱ्या मुलखातील माणसाला हे गणित दुसऱ्याने सांगावे लागू नये, ते त्याला स्वतः मांडता यावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.