कुळ ठरवायची घाई नको गं

अगं, हिंजवडीतली नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी जीवाश्म शिकायचे म्हणतेस, मला फार आनंद झाला. फक्त माणच्या टेकड्यांवर नॉटिलॉइड, म्हणजे आत कप्पे असलेले समुद्री शंख, शोधत फिरू नकोस हं. आपल्या पायाखाली साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण आहे, समुद्रातले शंख त्यात नाहीत. ते मिळतात कच्छच्या ज्युरासिक खडकांत आणि तमिळनाडूत अरियलूरच्या क्रेटेशियस थरांत. दक्षिणेतल्या त्या नॉटिलॉइडांचं वर्णन हेन्री ब्लॅनफर्डने १८६१ सालीच करून ठेवलंय.

आधी तसाच दिसणारा अमोनाइट वेगळा काढायला शीक. शाळिग्रामात दिसतं ते चक्र अमोनाइटचं. त्याच्या कप्प्यांतून जाणारी नळी शंखाच्या बाहेरच्या कडेला असते, आणि आतले पडदे शंखाला जिथे चिकटतात ती शिवण फाटे फुटलेली, नक्षीदार दिसते. गुंडाळलेल्या नॉटिलॉइडची नळी सहसा कडेपासून आत असते आणि शिवण साधी.

मग कुळाकडे वळ. शंखाच्या वेढ्याचा छेद चौकटीसारखा आणि बाहेरची बाजू सपाट किंवा खोलगट असेल, तर पॅरासेनोसेरॅटिडीचा विचार कर. कच्छमध्ये ते सापडतात. शंखावर ठळक बरगड्या असतील तर सायमॅटोसेरॅटिडी. शंख गुळगुळीत पण शिवण खूप वळणांची, तर हर्कोग्लॉसिडी. अ‍ॅट्यूरिया या नॉटिलॉइडात शिवणीला टोकदार वळण असतं आणि नळी आतल्या कडेला सरकलेली.

खरी मेख पुढेच आहे, नीट ऐक. बरगड्या असतात शंखावर, आणि शिवण दिसते शंख निघून गेल्यावर, आतल्या साच्यावर. एकाच नमुन्यात दोन्ही चांगली क्वचितच मिळतात. म्हणून साचा गुळगुळीत आहे एवढ्यावरून शंखाला बरगड्या नव्हत्याच असं म्हणू नकोस. शिवाय बरगड्या वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे आल्या असाव्यात, असं काही अभ्यासक मानतात. ते सायमॅटोसेरॅटिडी हे वेगळं कुळच धरत नाहीत. वयाबरोबर वेढ्याचा आकारही बदलतो. तेव्हा एका खुणेवर विसंबू नकोस. नळी, शिवण, छेद आणि बरगड्या, चारही पडताळ.

पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत कच्छच्या अमोनाइटांवर बरंच काम झालंय, तिथले शोधनिबंध वाच. आणि नमुना कुठल्या गावचा, कुठल्या थरातला, हे चिठ्ठीवर सगळ्यांत आधी लिही. खुणा अपुऱ्या असतील तर बेलाशक ‘नॉटिलॉइड, कुळ अनिश्चित’ लिही. चुकीच्या नावापेक्षा ते केव्हाही चांगलं.