अपघाताच्या दाव्याचे पैसे: मंजूर कधी, खात्यात कधी?



कापूस वेचणी सुरू झाली की ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मोटरसायकली, मजुरांच्या गाड्या सगळं एकाच वेळी रस्त्यावर येतं. नरडाण्याजवळून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग तर रात्रीही थांबत नाही. अपघात झाला की घरात आधी दवाखान्याची चिंता, आणि मग विचारणा सुरू होते, "भरपाई कधी मिळेल?" त्यासाठी आजचा संदेश. जरा लांब आहे, सवडीने वाचा आणि घरच्यांनाही वाचून दाखवा.

*आधी एक पक्कं समजून घ्या.* "केस जिंकली" किंवा "सेटलमेंट झाली" म्हणजे पैसे आले असं नाही. निकाल आणि पासबुक यांच्यात काही आठवडे जातात, कधी काही वर्षं. माणूस फसतो तो याच मधल्या काळात. दाव्याच्या भरवशावर कोणी सावकाराची उचल घेतो, कोणी एजंटाला कोऱ्या कागदावर सही देतो.

*दावा कुठे आणि कधी?* वाहन अपघाताचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो, आपल्यासाठी धुळे जिल्हा न्यायालयात. अपघात सुरतेला झाला असेल तरी तुम्ही राहता त्या भागाच्या न्यायाधिकरणात दावा टाकता येतो, गुजरातच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. १ एप्रिल २०२२ पासून मुदत अपघाताच्या तारखेपासून सहा महिने आहे. ती उलटली असेल तरी गप्प बसू नका, वकिलाला विचारा, कारण या मुदतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. एफआयआर, पंचनामा, दवाखान्याची बिलं, डिस्चार्ज कार्ड, अपंगत्वाचा दाखला यांची एक फाईल करा. बिल हरवलं की तेवढा खर्च सिद्ध करणं अवघड होतं.

*तडजोड करावी का?* विमा कंपनी रक्कम देऊ करते, किंवा लोकअदालतीत बोलणी होतात. तडजोडीत पैसे लवकर हाती येतात, हे खरं. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. पुढच्या वर्षी पायातला रॉड काढायला पुन्हा ऑपरेशन लागलं, तर तो खर्च परत मागता येत नाही. म्हणून उपचार अर्धवट असताना आकडा मान्य करू नका. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "अजून काय काय करावं लागेल?" ते लेखी घ्या, मगच बोला. सांगितलेली रक्कम व्याज धरून आहे की व्याज वेगळं, हेही सहीच्या आधी विचारा. आमच्या मते घाईत केलेली तडजोड ही मार्केटला पहिल्याच भावात माल सोडण्यासारखी आहे, गरज असेल तर करावी लागते, पण भाव कळून तरी करा.

*घड्याळ कधी सुरू होतं?* न्यायाधिकरणाने निवाडा जाहीर केला की तेव्हापासून ३० दिवसांत रक्कम भरायची, असं कायदा सांगतो. विमा कंपनीशी झालेल्या तडजोडीची न्यायाधिकरणाने नोंद केली, तर ती नोंद कंपनीला मिळाल्यापासून जास्तीत जास्त ३० दिवस. उशीर होतो तो बहुतेक अपिलामुळे. कंपनीला ९० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येतं, आपल्या जिल्ह्याचं अपील छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात. स्थगिती मिळाली तर पैसे अडकतात. मात्र कोर्टात जमा झालेल्या रकमेतून काही भाग काढून देण्याची विनंती करता येते, वकिलाकडे तसा अर्ज करण्याचा आग्रह धरा. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असं असेल तर न्यायाधिकरणाकडून वसुली दाखला मिळतो. मग जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात.

*पैसे कोणाच्या हातात?* तुमच्याच खात्यात. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरपाई थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा व्हावी. त्यासाठी पासबुकाची प्रत, आधार, पॅन वेळेत द्या. खातं बंद पडलेलं असेल किंवा नावात फरक असेल तर आजच दुरुस्त करा, पैसे तिथेच अडतात. लहान मुलांचा हिस्सा सहसा १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत मुदत ठेवीत राहतो. मोठ्यांच्या रकमेचाही काही भाग ठेवीत टाकला जातो, मोडायला न्यायाधिकरणाची परवानगी लागते. वारसांनी आधीच हे धरून हिशेब करावा. वकिलाची फी ठरवा, पावती घ्या. भरपाईतली टक्केवारी फी म्हणून घेणं वकिलांच्या नियमांत बसत नाही, आणि एजंटाला तर काही देणंच नाही.

*ट्रॅक्टर मालकांनो, हे तुमच्यासाठी.* मडगार्डवर किंवा ट्रॉलीत बसलेल्या मजुराला इजा झाली तर विमा कंपनी बरेचदा हात वर करते, आणि जबाबदारी मालकाच्या घरावर येऊ शकते. विमाच नसेल तर बोलायलाच नको. पॉलिसी आज काढून बघा.

*शेतातला अपघात असेल तर* वाट वेगळी. विजेचा शॉक, सर्पदंश, विहिरीत पडणं, वीज कोसळणं यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू झाला किंवा दोन डोळे वा दोन अवयव गेले तर २ लाख, एक डोळा वा एक अवयव निकामी झाला तर १ लाख. नुसतं हाड मोडलं तर यात काही मिळत नाही. वय १० ते ७५, वहितीधारक खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक सदस्य. प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा. मग महसूल, पोलीस आणि कृषी विभागाचं पथक घटनास्थळी येतं आणि तहसीलदारांची समिती निर्णय देते. निधी आल्यावर पैसे वारसाच्या खात्यात येतात. दुःखात ३० दिवस कधी निघून जातात कळत नाही, म्हणून भाऊबंदांपैकी एकाने सातबारा आणि पंचनाम्याचं काम अंगावर घ्यावं.

वकील परवडत नसेल तर धुळे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाईन १५१००.