दोन थेंब तेल

(यंत्राची वेळेवर निगा राखली, तर ते अनेक वर्षे काम देते. जुन्या यंत्रातील लहान पंख्याची दुरुस्ती कशी करावी, हे या पाठात सांगितले आहे.)

स्लाइड प्रोजेक्टर, जुना संगणक किंवा सभेतला मोठा ॲम्प्लिफायर तुम्ही पाहिला असेल. अशी यंत्रे चालू असताना तापतात. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी पुष्कळ यंत्रांत एक लहान पंखा असतो. पंखा थांबला, की सारे यंत्र धोक्यात येते. आतील कॅपॅसिटरचे तापमान दहा अंशांनी वाढले, तर त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. प्रोजेक्टरमधील स्लाइड तर दिव्याच्या उष्णतेने खराब होते.

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या भागांत जून ते सप्टेंबर भरपूर पाऊस पडतो. पेण गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागिरांना ठाऊक असते, की पावसाळ्यात मातीची मूर्ती लवकर वाळत नाही. हाच हवेतील ओलावा कपाटात ठेवलेल्या यंत्रातही शिरतो. धूळ चिकटते, लोखंड गंजते. मग पावसाळ्यानंतर यंत्र सुरू केले, की पंखा नुसता गुणगुणतो, फिरत नाही. लोक म्हणतात, "मोटार जळाली." पण पुष्कळदा मोटार चांगली असते, फक्त तेल सुकलेले असते.

असे का होते? अनेक पंख्यांचा दांडा काशाच्या बुशात फिरतो. काशाची भुकटी दाबून व तापवून हा बुश बनवतात. त्यात बारीक छिद्रे असतात. स्पंजात पाणी राहते, तसे या छिद्रांत तेल राहते. वर्षानुवर्षांनी ते सुकते, चिकट होते आणि दांडा अडकतो.

हे काम शिक्षकांच्या किंवा मिस्त्रीच्या देखरेखीखालीच करावे. प्रथम प्लग काढावा. प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. म्हणून जाणकाराने ती उतरवल्याशिवाय आत हात घालू नये. पंख्याची हवा कोणत्या दिशेला जाते, ते लिहून ठेवावे. मग पंखा सोडवून कोरड्या ब्रशने पाती साफ करावीत. मागचे लेबल किंवा रबरी बूच काढले, की दांड्याचे टोक दिसते. तेथील काळे, चिकट तेल कापडाने पुसावे. नंतर शिवणयंत्राचे दोन थेंब तेल सोडून पंखा हाताने फिरवावा. जास्तीचे तेल पुसून टाकावे, नाहीतर त्यावर पुन्हा धूळ बसते.

स्वयंपाकाचे तेल मात्र वापरू नये. ते हवेने चिकट होते. खोबरेल तर थंडीत बाटलीतच गोठते!

पंखा हाताने सहज फिरू लागला, की तो पूर्वीच्याच दिशेने बसवावा. तेल देऊनही खरखर येत असेल, तर बुश झिजला आहे असे समजावे. तेव्हा नवा पंखा घालणेच योग्य. पण फेकण्यापूर्वी एकदा तपासावे. दोन थेंब तेलाने हजारो रुपयांचे यंत्र वाचू शकते.

शब्दार्थ
निगा – काळजी
ओलावा – दमटपणा
कासे – तांबे व कथील यांचा मिश्रधातू
भुकटी – बारीक चूर्ण
देखरेख – लक्ष ठेवणे

स्वाध्याय
१. पंखा नुसता का गुणगुणतो?
२. प्लग काढल्यावरही सावध का राहावे?
३. कारणे लिहा : पंख्याला खोबरेल देऊ नये.
४. तुमच्या घरातील एका जुन्या यंत्राची निगा कशी राखतात, ते पाच वाक्यांत लिहा.