शालेय मंत्रिमंडळ : नागरिकत्वाचा प्रत्यक्ष पाठ

जून महिन्यात शाळा उघडल्या की बहुतेक प्राथमिक शाळांतून शालेय मंत्रिमंडळाची स्थापना होते. मुख्यमंत्री, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री अशी नावे तक्त्यावर लिहिली जातात, टाळ्या होतात, आणि तो तक्ता वर्षभर भिंतीवर राहतो. वर्गातील हुशार मुलाने मुख्यमंत्री व्हावे हे गुरुजींनी आधीच योजिलेले असते आणि मंत्र्यांनी ठरवावे असे पुढे काहीच उरत नाही. अशा मंत्रिमंडळाने लाभ नसला तरी हानीही नाही, असे समजणे चुकीचे होय. निवड नावापुरती असते, सत्ता दुसऱ्याच्याच हाती असते आणि जाब कोणी विचारावयाचा नसतो, हा धडा मुले त्यातून नकळत शिकतात. मोठेपणी ग्रामसभेत बसल्यावर तोच धडा त्यांच्या उपयोगी पडतो!

भारताची राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. १९८९ साली मतदानाचे वय २१ वरून १८ वर्षे करण्यात आले. म्हणजे चौथीत बसलेले मूल अवघ्या आठ-नऊ वर्षांत मतदार होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत इशारा दिला होता की, सामाजिक लोकशाहीच्या पायावाचून राजकीय लोकशाही टिकणार नाही. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांनीही १९१६ च्या आपल्या ग्रंथात लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, असे प्रतिपादन केले. रीत ही पाठांतराने येत नाही, सरावानेच येते. म्हणून पुढील चार बाबींकडे शिक्षकांनी विशेष लक्ष पुरवावे.

१. निवडणूक

हात वर करून घेतलेल्या मतदानात मूल उमेदवाराकडे न पाहता गुरुजींच्या चेहऱ्याकडे, अथवा शेजारी बसलेल्या दांडग्या मुलाकडे पाहते. मत गुप्तच असावे. लिहिता न येणाऱ्या पहिलीच्या मुलांनी मत कसे द्यावे, ही अडचण सहज सुटते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत निरक्षर मतदारांसाठी प्रत्येक उमेदवाराची चिन्हांकित अशी स्वतंत्र पेटी ठेवलेली होती. शाळेतही पडद्याआड चित्रे चिकटविलेले डबे ठेवावेत आणि प्रत्येक मुलाच्या हाती एकच चिंचोका द्यावा. मोजणी सर्वांसमक्ष करावी. मतदानापूर्वी प्रत्येक उमेदवाराने आपण कोणते काम करणार हे दोन वाक्यांत सांगावे. मुदत तीन महिन्यांची ठेवल्यास अधिक मुलांना संधी मिळते, आणि पद सोडून पुन्हा सर्वांत मिसळण्याचे शिक्षणही घडते.

२. कामाची वाटणी

शाळेची खरी परीक्षा येथे होते. शिक्षकांनी पंधरा दिवस एक साधी नोंद ठेवावी. केर कोणी काढला, पाणी कोणी भरले, घंटा कोणी वाजविली आणि ध्वजाची दोरी कोणाच्या हाती होती, एवढेच त्यात टिपावे. केरसुणी मुलींच्या हाती आणि घंटा मुलांच्या हाती, असे पुष्कळदा आढळेल. एखाद्या गावात पाण्याच्या पिंपाजवळ अथवा जेवणाच्या पंगतीत जातीची रेषाही उमटलेली दिसेल. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जो हक्क बजावला गेला, तो शाळेच्या पिंपापाशी अपुरा राहता कामा नये.

येथे बहुमताची मर्यादा मुलांना समजावून द्यावी. अमुकच मुलींनी केर काढावा असे बहुसंख्य मुलांनी ठरविले, तरी तो निर्णय ग्राह्य नव्हे. घटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने जात, लिंग इत्यादी कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे, आणि १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. हे बहुमताने बदलण्याचे विषय नव्हेत. कामाची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावावी, आणि त्या क्रमातून मंत्र्यांनाही वगळू नये.

३. सभा आणि हिशेब

दर शनिवारी अर्धा तास बालसभा भरवावी. विषय मुलांच्या जीवनातील असावा. पटांगण एक, चेंडू एक आणि वर्ग चार, अशा स्थितीत खेळ कोणी केव्हा खेळावा, हा प्रश्न उत्तम आहे. शिक्षकाने मागे बसावे आणि आपले मत आरंभी सांगू नये. प्रत्येकाला एकदा बोलता आल्यावाचून कोणालाही दुसऱ्यांदा बोलू देऊ नये. झालेला ठराव वहीत लिहावा, आणि विरुद्ध मतही त्याखाली नोंदवावे. पंधरा दिवसांनी ठराव पुन्हा सभेपुढे आणून तो पाळला गेला की नाही हे तपासावे.

मंडळाच्या हाती अल्प का होईना, पण खरे काम सोपवावे. परसबागेतील भाजी, वाचनपेटीतील पुस्तके, खेळाचे साहित्य यांची जमाखर्चाची वही मुलांनी ठेवावी आणि सभेत वाचावी. एक पुस्तक कमी भरल्यास ते कोठे गेले असे पहिलीच्या मुलानेही विचारावे, आणि मंत्र्याने न रागावता उत्तर द्यावे.

४. शिक्षकाची मर्यादा

बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्याचा किंवा शिक्षा करण्याचा अधिकार मंत्र्यांना कदापि देऊ नये. त्यातून नेता घडत नाही, मुकादम घडतो. सन २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क अधिनियमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांस मनाई केलेली आहे. जे शिक्षकाला वर्ज्य, ते मुलाच्या हाती कसे द्यावे? कोणते निर्णय मुलांचे आणि कोणते शाळेचे, हे प्रथमच स्पष्ट सांगावे. ठराव नाकारावा लागला तर कारण द्यावे. वेळेवर येण्याचा नियम सभेने केला असेल, तर उशिरा येणाऱ्या शिक्षकानेही सभेत कारण सांगावे. वर्षभराच्या उपदेशापेक्षा ही एकच गोष्ट अधिक शिकवून जाईल.

याच अधिनियमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. तरीही कित्येक माता सभेत सही करून निमूट बसतात. त्यांना शाळेत असताना हिशेब विचारण्याची सवय कोणी लावलेली नव्हती. आजच्या मुलींना ती लावणे शिक्षकांच्या हाती आहे.

केंद्रातील चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या शाळेतील पंधरा दिवसांच्या कामाच्या नोंदीत काय आढळले?
(२) मुलांच्या हाती कोणते एक खरे काम सोपविता येईल?
(३) गेल्या सत्रात एकदाही न बोललेली मुले कोणती, आणि त्यांना बोलते कसे करावे?