जुने डाव, नवे डाव आणि शिकणारी मुले

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. ती तेव्हा १९ वर्षांची होती. त्यानंतर आरमोरी परिसरातील पालकही बुद्धिबळाविषयी आमच्याकडे आस्थेने चौकशी करू लागले. मुलांनी कोणाचे डाव अभ्यासावेत, जुन्या खेळाडूंचे की आजच्या, हा त्यांचा मुख्य प्रश्न असतो. आमचे मत असे की, आरंभ जुन्या डावांनी करावा; मात्र तेथेच थांबू नये.

पॉल मॉर्फीचा १८५८ चा पॅरिसमधील डाव घ्या. ऑपेरागृहात खेळ रंगलेला असताना तो खेळला गेला. (झाडीपट्टीच्या मंडपात कोणी असा पट मांडला असता तर नटांनी त्याची गय केली नसती!) समोर एक ड्यूक व एक काउंट मिळून खेळत होते. मॉर्फीने घोडा दिला, हत्ती दिला, शेवटी वजीरही दिला आणि १७ व्या चालीला मात केली. उरलेला एक हत्ती व एक उंट मातेला पुरेसे ठरले. काळ्याचा राजाकडील उंट आणि हत्ती मात्र अखेरपर्यंत मूळ घरातून हललेच नाहीत. मोहरे वेळीच बाहेर काढावेत हे सांगण्यास याहून चांगला पाठ आम्हांस ठाऊक नाही. जुन्या डावांत प्रतिकार दुबळा असतो, म्हणूनच कल्पना उघडी दिसते.

आणि त्याच कारणाने ते फसवतातही. मोहरे देत सुटले की विजय मिळतो, असा समज मुले करून घेतात. प्राचीन आहे म्हणून स्वीकारू नका, हा कालामसुत्ताचा उपदेश मॉर्फीलाही लागू आहे. काळ्याने नवव्या चालीला वजिराच्या बाजूचे प्यादे दोन घरे पुढे ढकलले, तेथे दुसरे काय खेळता आले असते, हे मुलांना विचारलेच पाहिजे.

आजच्या डावांची अडचण वेगळी आहे. त्यांतील पहिल्या पंधरा-वीस चाली पुष्कळदा संगणकासमोर बसून घरीच तयार केलेल्या असतात. पटावर दिसते ती केवळ चाल, तिचे कारण दिसत नाही. यंत्रही आकडा सांगते, कारण सांगत नाही. अशा चाली पाठ करून आलेला मुलगा तालुक्याच्या स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याने तिसरीच चाल वेगळी खेळताच गोंधळतो. पंजाबातील मीर सुलतान खान देशी पद्धतीचा खेळ शिकून वाढले. ते एका जमीनदाराच्या पदरी होते. पाश्चात्त्य ग्रंथांतील आरंभीच्या चालींचे त्यांचे ज्ञान तोकडे होते. तरीही १९२९, १९३२ व १९३३ साली त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी विश्वविजेत्या कापाब्लांकास हरवले. त्यांचे बळ मध्यखेळात व अंतिम खेळात होते. जागतिक संघटनेने त्यांना मानद ग्रँडमास्टर ठरवले ते २०२४ मध्ये, मृत्यूनंतर ५८ वर्षांनी!

तरीही आजचे डाव पाहायचेच, कारण अचूक प्रतिकार तेथेच शिकायला मिळतो. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे गुकेश व डिंग लिरेन यांचा चौदावा डाव झाला. एक प्यादे अधिक असलेला गुकेश चिकाटीने खेळत राहिला. ५५ व्या चालीला डिंगने हत्ती चुकीच्या घरात नेला. गुकेशने हत्ती बदलला, मग उंटही बदलला. पटावर राजे व प्यादीच उरली. ५८ व्या चालीला गुकेशचा राजा डिंगच्या राजासमोर, मध्ये एकच घर सोडून, उभा राहिला आणि डिंगने हार मानली. अठराव्या वर्षी विश्वविजेतेपद मिळवून देणारी ही अखेरची चाल अंतिम खेळाच्या पहिल्या धड्यात असते. तो धडा ज्याने गिरवला आहे, त्यालाच हा डाव दिसतो. इतरांना नुसता निकाल दिसतो.

आमच्या वसतिगृहात पद्धत साधी आहे. एक मुलगी वहीतील चाल झाकून धरते, दुसरी आपली चाल कारणासह लिहिते, मग वही उघडतात. आठवड्यास एकच डाव. तीन जुने झाले की एक नवा. वीज गेली, नेटवर्क नसले, तरी अडत नाही. यंत्रास विचारायचे ते सर्वांत शेवटी. मॉर्फीपुढे काळ्याने नवव्या चालीला काय खेळावे, यावर सध्या मुलांमध्ये दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो वजीर सरकवा, दुसरा म्हणतो घोडा काढा. निवाडा अद्याप झालेला नाही.