घरचा संगणक आणि विजेचा पुरवठा : दोष शोधण्याची रीत

संगणक मध्येच बंद पडला की यंत्रच बिघडले, असे मानण्याकडे सर्वसाधारण प्रवृत्ती असते. यंत्र तालुक्याच्या गावी दुरुस्तीस नेले जाते. तेथे ते सुरळीत चालते, आणि घरी आणताच पुन्हा पूर्वीचाच अनुभव येतो. अशा वेळी दोष यंत्रात नसून त्यास मिळणाऱ्या विजेत असण्याचा संभव अधिक असतो. हा दोष शिक्षकांनी क्रमाने कसा शोधावा आणि आपला शोध कोठे थांबवावा, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

निरीक्षण व नोंद

एका खेड्यातील शिक्षकांच्या घरचा संगणक सकाळी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. नवा संगणक घेण्याचे ठरत आले होते. तत्पूर्वी त्यांनी आठ दिवस एका वहीत तीन गोष्टी टिपल्या : बंद पडण्याची वेळ, त्या क्षणी घरातील दिव्याचा प्रकाश, व शेजारी चालू झालेली यंत्रे. पिठाची गिरणी सुरू होते त्याच वेळी दिवा मंदावतो व संगणक बंद पडतो, हे वहीवरून स्पष्ट झाले. गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी काहीच घडले नव्हते.

याचे कारण असे की, मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. त्यामुळे त्याच रोहित्रावरील घरांत २३० व्होल्टचा वीजदाब क्षणभर बराच खाली येतो. दिवा केवळ मंदावतो, पण संगणक बंद पडतो. शिक्षकांनी वहीतील नोंदी जोडून वीज कार्यालयाकडे लेखी तक्रार केली व मधल्या काळासाठी यूपीएस बसविला. नव्या संगणकाचा खर्च वाचला.

तपासणीचा क्रम

१. अडचण सर्व घरात आहे की एकाच सॉकेटवर, हे प्रथम पाहावे. सॉकेट सैल, गरम वा काळवंडलेले असल्यास त्याचा वापर तत्काळ थांबवावा.

२. जोडवायर काढून संगणक थेट भिंतीवरील सॉकेटवर चालवून पाहावा. त्याच बोर्डावर इस्त्री किंवा पाणी तापविण्याचे उपकरण लावू नये.

३. यूपीएस असूनही वीज जाताच संगणक बंद पडत असेल, तर बहुधा त्याची बॅटरी संपलेली असते. ती साधारणतः दोन ते चार वर्षे टिकते. लेसर प्रिंटर यूपीएसवर जोडू नये.

४. वीजदाब वायरमनकडून मीटरने मोजून घ्यावा, व तोही अडचण येते त्याच वेळी. टेस्टरचा दिवा कमी दाबातही पेटतो. म्हणून त्यावर विसंबू नये.

एका वेळी एकच बदल करावा. अन्यथा दोष कशाने गेला हे कळत नाही.

धोक्याच्या खुणा

संगणकाच्या पत्र्याच्या पेटीस हात लावता झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग नाही किंवा तुटले आहे असे समजावे. पेटीतील वीजसंचात असलेल्या छोट्या धारित्रांतून अल्पसा प्रवाह पेटीवर येत असतो; अर्थिंग असल्यास तो जमिनीत जातो. झिणझिण्या सौम्य असल्या तरी ती खूण गंभीर आहे. उद्या फेजची तार पेटीस लागली, तर फ्यूज उडण्यास मार्गच उरणार नाही आणि पेटीस हात लावणाऱ्या मुलाच्या जिवावर बेतेल. यावर उपाय म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल व अर्थिंग जोडून टाकण्याची युक्ती काही ठिकाणी केली जाते. ती प्राणघातक आहे. न्यूट्रल तुटताच संपूर्ण पेटी भारित होते. अर्थिंगचा खड्डा नीट करून घेणे, उन्हाळ्यात त्यात पाणी घालणे व ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविणे, हाच योग्य मार्ग होय.

दिवे एकाएकी प्रखर होऊन शेजारच्या घरातील मंदावले, तर बाहेरची न्यूट्रल तुटल्याचा संभव असतो. अशा वेळी दाब ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. क्षणाचाही विलंब न लावता मुख्य स्विच बंद करावा व वीज कार्यालयास कळवावे.

वळवाच्या दिवसांत वीज कडाडण्यापूर्वीच प्लग काढून ठेवावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र प्लगला हात लावू नये.

वर्गासाठी सूचना

सातवीच्या विद्यार्थ्यांकडून घरातील दिवा केव्हा मंदावतो याची आठवडाभर नोंद ठेवून घ्यावी व वर्गात सर्वांच्या वेळा एकत्र मांडाव्या. एकाच रोहित्रावरील घरांच्या वेळा जुळतात की काय, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच शोधावे. मुलांनी केवळ पाहावे व लिहावे. बोर्ड, प्लग वा तारेस हात लावू नये, ही सूचना पाठाच्या आरंभी व शेवटी अवश्य द्यावी. बोर्ड उघडण्याचे काम शिक्षकांनीही परवानाधारक वायरमनवरच सोपवावे.